इथं लाईन नाई

पंख्याच्या रेग्युलेटरवर आगगाडी चालत नाही. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं आहे की फोन वाजला की बायको आतूनच ओरडते, "अजी, रेग्युलेटरवाला हाय काय?" बहुतेक वेळा असतोच. कुणाच्या तरी भाच्याने परदेशातून खेळण्यातली गाडी आणलेली असते, तिला करंट देणारा मूळ डबा जळालेला असतो आणि घरातल्या हुशार माणसाने पंख्याचा रेग्युलेटर काढून तिला लावलेला असतो. मग गाडी नुसती गुणगुणते, तापते आणि जागची हलत नाही.

मी रेल्वेतला माणूस नव्हे. वर्ध्याच्या बाजारात माझं रेडिओ, टेप आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. गणपती मंडळांचे भोंगे, बँडवाल्यांचे माईक, शाळांचे लाऊडस्पीकर, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात हेडमास्तरांची रांग लागायची आणि त्या एका दिवशी तरी ते मला साहेब म्हणायचे. पुढे लोकांनी दुरुस्त करणंच सोडलं. बिघडलं की टाका, नवीन आणा. एक दिवस माझ्या लक्षात आलं, सकाळपासून दुकानात जी चार माणसं आली ती सगळी पत्ता विचारायला आली होती. शटर ओढलं आणि सामान सिंदी मेघेच्या घरी समोरच्या खोलीत आणून टाकलं. सोल्डरिंगचा तो तापलेला वास मला अजून दुकानातच आल्यासारखा वाटतो, घरी तो तसा येत नाही. बायको म्हणते वास तोच आहे, नाक म्हातारं झालं. असेल.

गाड्यांची सुरुवात दुकान चालू असतानाच एका डॉक्टरांमुळे झाली. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून एक संच आणला होता: एक इंजिन, तीन डबे, गोल जोडायचे रूळ आणि गोल बटणाचा एक काळा डबा. तो डबा तिकडच्या एकशे दहा व्होल्टचा. डॉक्टरांनी आपल्या भिंतीत खुपसला. एकदा फस्स झालं आणि संपलं. तो जळका डबा घेऊन ते दुकानात आले आणि ज्या चेहऱ्याने पेशंटचे नातेवाईक त्यांना विचारत असतील अगदी तसं मला विचारलं, "वाचेल ना?" मी आतला ट्रान्सफॉर्मर नवीन गुंडाळून दिला. गाडी चालली तेव्हा हा कडक माणूस, ज्याच्या दवाखान्यात लोक खोकायलाही घाबरायचे, फरशीवर गाल टेकवून आडवा झाला. इंजिन समोरून अंगावर कसं येतं ते बघायचं होतं म्हणे. त्यांच्याकडून गावभर झालं. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आले, एक शिंपी आला, एक इतिहासाचे मास्तर आले. आपल्या जिल्ह्यात इतक्या लोकांनी मनात आगगाडी दडवून ठेवली असेल असं मला वाटलं नव्हतं.

ज्यांना या कामाची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. दोन रूळ म्हणजे दोन तारा समजा. बारा व्होल्टचा, बॅटरीसारखा करंट एका रुळातून येतो, इंजिनाच्या चाकातून वर चढतो, मोटार फिरवतो आणि दुसऱ्या रुळातून परत जातो. करंट वाढवला की गाडी पळते, कमी केला की रेंगाळते, दोन तारांची अदलाबदल केली की उलटी जाते. हे सगळं ज्या बटणाच्या डब्यातून होतं तो कंट्रोलर. दुसरा प्रकार डिजिटल. त्यात रुळात करंट कायम भरलेला असतो आणि त्याच्यासोबत हुकूम धावतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप, ती फक्त आपला नंबर पुकारला की ऐकते. त्यामुळे एकाच रुळावर एक गाडी थांबते, दुसरी चालते. फार मजेचं काम आहे. पण नवीन माणसाने पहिल्याच दिवशी त्याच्या नादी लागू नये. एक गाडी, एक गोल, साधा कंट्रोलर. दुसरं इंजिन घरी आलं आणि दोघांची भांडणं लागली की मग डिजिटलचा विचार करावा.

तारांचं मात्र पहिल्या दिवसापासून नीट करावं. लोक इंजिनावर जीव टाकतात आणि तार मात्र घंटीची वापरतात, केसाएवढी. मग गोलाच्या पलीकडच्या टोकाला गाडी दमते. जरा जाड तार घ्या, दोन-तीन ठिकाणांहून रुळाला करंट द्या, बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी, आणि प्रत्येक तारेला खाली चिठ्ठी चिकटवा. आज केलेलं सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच उमगत नाही. हे मी इतक्या ठासून सांगायचो की त्या इतिहासाच्या मास्तरांनी वहीत लिहून घेतलं होतं.

देवळीचे किराणावाले राजूभाऊ यांनी काही लिहून घेतलं नाही. त्यांनी सरळ सगळ्यात भारी डिजिटल संच मागवला आणि आठवड्याने मला फोन केला.

"काका, लाईन हाय, पण लाईनीत लाईन नाई."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगावं लागेल. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. लाईन गेली म्हणजे दिवे गेले. रुळांनाही लाईनच म्हणतात. म्हणजे राजूभाऊंच्या घरात वीज होती, रूळही जागेवर होते, पण रुळात वीज येत नव्हती. आमच्या माणसाला हे वाक्य एका दमात कळतं. मी बसने देवळीला गेलो. बघतो तर दोन्ही रुळांना बोटाएवढी तांब्याची तार बांधलेली आणि ती खिडकीतून बाहेर, अंगणातल्या पाईपाला.

"हे कोणं केलं?"

राजूभाऊंचा वायरमन अभिमानाने पुढे आला. "म्या केलं. रुळात करंट सोडून राह्यले म्हणे. घरात लेकरं हायेत. दोन्ही रूळ अर्थिंगले जोडून देल्ले."

त्याला रागवायचं कसं? घरातल्या लेकरांची काळजी करणाऱ्या वायरमनला कुणी रागावतं का? मी त्याला समजावलं की दोन्ही रूळ असे एकमेकांना बांधले की करंटला घरी जायचा जवळचा रस्ता मिळतो, तो इंजिनाच्या वाटेला जातच नाही. त्याने मान डोलावली. "बरोबर हाय. शार्टकट भेटला का कोण फेऱ्यानं जाते?" तार सोडली, गाडी चालली. महिन्याभराने राजूभाऊ मला म्हणाले, "काका, माह्याजवळ एकच गाडी हाय. तिले नंबर कायले पाह्यजे?" मी फक्त त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चहा मागवला.

असे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि ते सांगताना मला चढतो तो हुशारीचा ताठा बायकोच्या परिचयाचा आहे. म्हणून मी जिथे चुकलो ती गोष्ट आता सांगतो. ती सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास नालवाडीहून एक बाई ऑटोने आमच्या घरी आल्या. सत्तरीच्या, ताठ पाठीच्या, कडक इस्त्रीचं सुती लुगडं. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, खेड्यापाड्यात नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी वस्ती त्यांना सिस्टरच म्हणते. मीही तेच म्हणू लागलो.

"भाऊ, तुम्ही गाड्यायचं काम करता म्हणे."

"करतो ना सिस्टर. बसा."

"आमच्या घरी एक हाय. दीड वर्षापासून उभी हाय ते."

दीड वर्षापूर्वी त्यांचे यजमान गणपतराव वारले होते. ते रेल्वेत गार्ड. उमेदीची वर्षं त्यांनी पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीवर काढली, पुढे मोठ्या लाईनवर वर्ध्याला आले. निवृत्तीनंतर पुतण्याने त्यांना परदेशी गाडीचा एक संच दिला. त्यांनी घरातल्या जुन्या सागवानी दाराच्या दोन फळ्या जोडल्या, त्यावर रूळ टाकले आणि स्वतःच्या हाताने सगळं वायरिंग केलं. ते गेल्यावर गाडी चालेना. आता दिवाळी झाली की मुलगी सिस्टरांना पुण्याला घेऊन जाणार होती, कायमची. तिथल्या फ्लॅटमध्ये हा पाट मावणार नव्हता. मुलीने एक शाळाही पाहून ठेवली होती, तिथे तो देऊन टाकायचा.

"द्या, काई हरकत नाई," सिस्टर म्हणाल्या. "पण जायच्या आधी एक डाव पाहाची हाय. हे चालवत ना, तशी."

त्या छोट्या गाडीचं नाव निघालं तेव्हाच मी निम्मा विरघळलो होतो. आर्वीच्या एका टॉकीजचं अँप्लिफायर माझ्याकडे असायचं, त्यासाठी मी त्या गाडीने पुष्कळदा गेलो आहे. हात बाहेर काढला तर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं हाताला लागतील इतकी ती शेताच्या जवळून जायची. घाई असलेल्या माणसाने तिच्यात बसू नये. मला घाई नसायची. ती बंद झाली तेव्हा मला काही वाटलं नाही, बस होती. आता वाटतं. आता वाटून काय उपयोग, पण वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी नालवाडीला गेलो. खोलीभर पाट. लांबट गोल रूळ, एका बाजूला पुठ्ठ्याचं स्टेशन, दुसऱ्या बाजूला रंगवलेलं फाटक आणि त्याच्या शेजारी बोरीची वाळकी काटकी खोचून केलेलं झाड. फाटकाच्या बाजूला पाटाच्या कडेला दाराच्या घंटीचं एक पांढरं बटण बसवलेलं आणि समोर एक स्टूल. मी वाकून पाटाखाली बघितलं आणि मला घाम फुटला. सगळ्या तारा लाल. एकूण एक. कुठूनतरी उरलेलं लाल तारेचं एक भेंडोळं मिळालं असेल, त्यातच सगळं उरकलेलं. सोल्डरिंग कुठेच नाही, नुसते पिळे आणि वर चिकटपट्टी. चिठ्ठ्या मात्र होत्या, गार्डाच्या सुवाच्य अक्षरात. 'इकडून करंट.' 'परतीचा.' आणि फाटकाच्या पुढे एका जागी: 'इथं लाईन नाई.'

मला हसू आलं. म्हटलं, प्रामाणिक माणूस. फाल्ट सापडला नाही, तर तक्रार लिहून ठेवली.

मूळ कंट्रोलर मेलेला होता. माझा लावून बघितला. गाडी कशीबशी निघाली आणि नेमकी त्या चिठ्ठीच्या जागी येऊन थांबली. वाकून बघितलं तर वीतभर अंतरावर एकाच रुळाला दोन जागी चीर, आणि चिरेत अरल्डाईट भरलेलं. म्हटलं रूळ तुटला असेल, यांनी चिकटवला, करंट बंद पडला. मी हाक मारली.

"सिस्टर, हे बटण कायचं?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "ते? ते नुसती घंटी हाय. मी वाजवो."

दोन दिवस मी मनापासून काम केलं. सगळ्या लाल तारा उपसल्या. तो चिरलेला रुळाचा तुकडा काढून नवा टाकला. लाल-काळी जाड तार, चार ठिकाणांहून करंट, सगळे जोड सोल्डर केलेले, तारा दोरीने बांधून सरळ रांगेत. घंटीचा बझर गंजला होता, तो काढला. बटण दिसायला बरं म्हणून तसंच ठेवलं, घंटी पुढे कधीतरी लावून देऊ म्हटलं. जुनं भंगार सकाळी घंटागाडीत गेलं. पाटाखालचा मोबाईलवर फोटो काढून मी घरी बायकोला दाखवला. इतकं देखणं वायरिंग मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी सोडायची ठरली. सिस्टर चांगलं लुगडं नेसल्या होत्या. त्या येऊन त्या स्टुलावर बसल्या, बोट बटणावर ठेवलं. मी कंट्रोलर हळूच फिरवला. इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी निघाली. कुठे हिसका नाही, कुठे दमणं नाही, फाटकावरून गेली, वळण घेतलं, स्टेशनावरून आली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शाबासकी कुणाला नको असते?

गाडी फाटकाजवळ आली तसं सिस्टरांनी बटण दाबलं. गाडी समोरून निघून गेली. दुसऱ्या फेरीला त्यांनी परत दाबलं. परत निघून गेली. तिसऱ्या फेरीला त्यांनी दाबलं नाही.

"थांबत नाई काय आता?"

"कायले थांबते?" मी म्हणालो. "तो फाल्ट होता, सिस्टर. काढून टाकला मी."

त्यांनी आणखी एक फेरी बघितली. मग म्हणाल्या, "बरं हाय. छान चालून राह्यली."

दुरुस्तीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते 'छान' ओळखू येतं. रेडिओ दुरुस्त करून दिला, आवाज स्वच्छ आला, पण माणूस म्हणतो, "छान," आणि उचलून नेत नाही. काहीतरी हरवलेलं असतं. मी गाडी बंद केली आणि त्यांच्यासमोर खाली बसलो.

"सिस्टर, कशी चालवत ते? मले नीट सांगा."

"चालवत कायचे, आमचा खेळ होता तो. गाडी इथं येऊन थांबे. म्हणत, सुमन, तू गार्ड, मी डायवर. घंटी दे. मी घंटी देओ, अन् हे गाडी सोडत. तिकडं बसत ते, त्या गोल बटणावर हात ठेवून. म्हणत, पुरी गाडी जाईपर्यंत वाजवत राह्यजो, बोट काढजो नको."

"अन् इथंच काऊन थांबे?"

त्यांनी फाटकाकडे बघितलं. मग जे सांगितलं ते असं. आर्वीच्या वाटेवरच्या एका गावात त्या नव्या नव्या नर्स होत्या. राहायला पुलगावला. संध्याकाळची गाडी परतीची. स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि त्यांचं आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या, फाटकाच्या बाजूला. लसीचा डबा खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत पळणं व्हायचं नाही. एक दिवस गाडी सुटून गेलेली त्यांना शेतातून दिसली, आणि ती फाटकाजवळ येऊन उभी राहिली. मागच्या डब्यातून गार्ड उतरला आणि डब्यांच्या जोडाशी वाकून काहीतरी तपासू लागला.

"लोकं खिडकीतून वरडत, गार्डसाहेब, काऊन थांबले? हे म्हणत, कपलिंग पाहून राह्यलो. रोज कपलिंग पाहत. मी चढली का बरोबर दुरुस्त होये." त्या हसल्या. "लग्न ठरलं तवा डायवर म्हणे, चला, कपलिंग झालं एकदाचं."

मीही हसलो. आणि हसता हसता माझी नजर मी टाकलेल्या नव्या रुळावर गेली.

एकाच रुळाला वीतभर अंतरावर दोन चिरा. रूळ असा तुटत नाही. असा तो कापतात. मधल्या तुकड्यात करंट जाऊ नये म्हणून मुद्दाम कापतात, आणि चिरा परत चिकटू नयेत म्हणून त्यात अरल्डाईट भरतात. इंजिन तिथे आलं की आपोआप उभं राहतं. त्या तुकड्याला करंट द्यायची वाट वेगळी ठेवतात, एखाद्या बटणातून. बटण दाबून धरलं की तुकडा जिवंत होतो आणि गाडी निघते. बझरही त्याच तारेवर लावला की दाबताक्षणी वाजतो. मी हे दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. त्या चिरा मला दिसल्या होत्या, बटण दिसलं होतं. पण तारा सगळ्या लाल बघून मी आधीच ठरवून टाकलं होतं की या माणसाला काही येत नाही. त्याची चिठ्ठी तक्रार नव्हती. ज्याच्या हातात पुढे हा पाट जाईल त्याच्यासाठी ती सूचना होती. इथं लाईन नाही, आणि ठेवायचीही नाही. माझ्या मातृभाषेत लिहिलेली ती ओळ मी उलटी वाचली होती.

मला त्या खोलीत लाज वाटली. आयुष्यात कुणाचा रेडिओ जाळला असेल, कुणाचा टेप खराब केला असेल, पण एका माणसाने आपल्या बायकोसाठी केलेली गोष्ट अशी उपसून घंटागाडीत टाकली नव्हती. सिस्टरांना मी एवढंच म्हणालो, "मले अजून एक दिवस द्या."

"राहू द्या ना भाऊ. चालून राह्यली ना."

"नाई. माह्याकडून चूक झाली."

रूळ कापणं सोपं होतं. कुठे कापायचं हे कळेना. जुना तुकडा गेला होता, माझ्या नव्या रुळावर कसलीच खूण नव्हती. मी त्यांना विचारलं, इंजिन कुठे थांबायचं?

"इंजिन?" त्या गोंधळल्या. "इंजिन म्या कधी पाह्यलंच नाई."

"मंग?"

"माह्यासमोर गार्डचा डबा राहे."

मी गाडी रुळावर हाताने सरकवत आणली, शेवटचा डबा त्यांच्या स्टुलासमोर ठेवला. त्या म्हणाल्या, जराशी मागं. अजून जराशी. दरवाजा बोटासमोर यायला पाह्यजे. आला. मग मी तीन डबे पुढे जाऊन इंजिनाच्या चाकांपाशी पेन्सिलने खूण केली. दोन चिरा पाडल्या, अरल्डाईट भरलं, नवा बझर लावला, बटणातून तुकड्याकडे तार नेली. चाचणी करताना बझर आधी वाजेना. मी त्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत स्टुलावर बसल्या. मी पलीकडे कंट्रोलरशी. गाडी निघाली, वळली, फाटकाशी आली, दिवा विझला आणि उभी राहिली. गार्डचा डबा त्यांच्यासमोर. सिस्टरांनी तोंडाला पदर लावला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"देऊ घंटी?"

"थांबा," मी म्हणालो. कंट्रोलरवरून मी दोन्ही हात काढले आणि वर धरले. "आधी माहे हात पाहा. आता द्या."

त्यांनी बटण दाबलं. घंटी वाजली, दिवा लागला, गाडी निघाली. माझे हात हवेतच होते. त्या गाडीकडे बघेनात, माझ्या हातांकडे बघत राहिल्या, बोट मात्र सवयीने बटणावर दाबलेलंच.

"म्हणजे हे…"

"ते नुसते हात ठेवून बसत, सिस्टर. गाडी ते सोडत नव्हते. तुम्ही बटण दाबल्याबिगर गाडी हलूच शकत नव्हती."

"इतकी वर्षं?"

"मले वाटते पहिल्या दिवसापासून."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

वायरिंगमध्ये ते लिहिलेलं नव्हतं. गाडी तोवर गोल फिरून आली, फाटकाशी थांबली, दिवा विझला. सिस्टरांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"नाई दाबलं तर?"

"तर उभी राहते."

"किती वेळ?"

"कितीबी वेळ."

त्यांनी बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. गार्डचा डबा त्यांच्यासमोर उभा होता. मी पक्कड आणि सोल्डरिंगची बंदूक पिशवीत भरली, चपला घातल्या. कुणाच्या घरून निघताना मशीन चालू ठेवून मी आजवर कधी आलो नाही. त्या दिवशी कंट्रोलर तसाच चालू ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.